घायपाताच्या रानातले कोरियन

मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला, समुद्रात घुसलेल्या युकातान द्वीपकल्पावर मेरिदा हे शहर आहे. तिथल्या एका हमरस्त्याला कोरिया प्रजासत्ताकाचं नाव दिलेलं आहे. त्या रस्त्यावर आकाशी रंगाचा एक विवस्त्र माणूस, हात मांड्यांशी सरळ धरून, कमरेतून झुकून उभा आहे. यू यंग-हो या कोरियन शिल्पकाराचं हे काम. असाच वाकलेला माणूस त्यांनी उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथेही उभा केला आहे. तिथला नमस्कार कुणाही अनोळखी माणसासाठी आहे. मेरिदातल्या नमस्काराला मात्र धनी आहेत. १९०५ साली १,०३३ कोरियन माणसं एका बोटीतून या मुलुखाकडे निघाली होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही इथे राहतात.

२००५ साली या घटनेला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्ताने मेरिदात स्मारक उभं राहिलं आणि कोरियाच्या मदतीने मैत्री रुग्णालय निघालं. पुढे स्थलांतराचं छोटं संग्रहालय झालं. ज्या बंदरातून बोट सुटली ते इंचॉन आणि मेरिदा ही भगिनी-शहरं झाली. ४ मे हा दिवस मेक्सिकोत कोरियन स्थलांतरितांचा दिवस म्हणून पाळतात. हे सगळं झालं ते उत्तमच झालं. तरीही या इतिहासाची कागदपत्रं वाचू लागलं की एक गोष्ट मनाला टोचत राहते. मैत्री दोन सरकारांची असते, आणि १९०५ साली या माणसांच्या बाबतीत मैत्री कुठेच नव्हती. तिथे एक दलाल होता, एक बोट होती आणि चार वर्षांचा करार होता. स्मारकाच्या दगडावर हे तिन्ही यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

डिसेंबर १९०४ मध्ये सोलच्या 'ह्वांगसॉन्ग शिनमून' या वर्तमानपत्रात जाहिराती येऊ लागल्या. मेक्सिको हा अमेरिकेशेजारचा सुधारलेला, सधन देश आहे, हवा-पाणी उत्तम, रोगराई नाही, काम शेतीचं, घर फुकट, आजारपणात औषधपाणी, मुलांना शाळा, असा त्यांतला मजकूर. जाहिरातींमागे जॉन मेयर्स नावाचा ब्रिटिश दलाल आणि त्याला जोडीदार म्हणून मजूर पुरवणारी एक जपानी कंपनी होती. मेयर्सने आधी चीन आणि जपानमध्ये खटपट केली होती. तिथे मेक्सिकोतल्या मळ्यांची कीर्ती पोचलेली असल्याने माणसं मिळेनात. कोरियात ती मिळाली. रशिया-जपान युद्ध कोरियाच्या अंगणात चालू होतं, पिकं बुडाली होती, सैन्यातून माणसं कमी केली जात होती. शिवाय जानेवारी १९०३ पासून कोरियन कुटुंबं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जात होती आणि तिकडून पत्रं येत होती. मेक्सिको हे हवाईसारखंच काहीतरी असणार, असं लोकांनी धरलं.

४ एप्रिल १९०५ रोजी जेमुल्पो बंदरातून, म्हणजे आजच्या इंचॉनमधून, 'इल्फर्ड' ही ब्रिटिश बोट सुटली. बोटीत ७०२ पुरुष, १३५ बायका आणि १९६ मुलं होती. सुमारे २०० जण माजी सैनिक होते. बाकी शेतकरी, शहरातले बेकार, काही चांगल्या घरचे पण हातात काही न उरलेले. हवाईला माणसं अनेक फेऱ्यांत गेली, आधी गेलेल्यांचं ऐकून पुढचे गेले. मेक्सिकोला मात्र कोरियातून अशी ही एकच बोट गेली. दुसरी कधी गेलीच नाही. वाटेत काही जण दगावले. प्रशांत महासागर ओलांडून मे महिन्यात बोट सालिना क्रूझला लागली. तिथून रेल्वेने देशाच्या अरुंद कमरेतून पलीकडे, मग पुन्हा बोटीने प्रोग्रेसो बंदर, आणि तिथून मेरिदा. मेरिदात गट पाडून त्यांना वीसहून अधिक हासिएंदांवर, म्हणजे जमीनदारांच्या मळेवाड्यांवर, वाटून देण्यात आलं. शेजारी, नातेवाईक, बोटीत झालेले सोबती, सगळे असे पांगले.

मळे होते हेनेकेनचे. हे झाड आपल्या ओळखीचं आहे, कारण ते आपल्या घायपाताचंच भावंड. महाराष्ट्रात बांधाला, रेल्वेच्या कडेला, माळाच्या कुंपणाला घायपात लावतात. लहानपणी आमच्याकडे पोळ्याआधी घायपाताची पानं कापून ओढ्याच्या डबक्यात कुजत टाकत. काही दिवसांनी त्या पाण्याला उग्र वास सुटे. मग पानं दगडावर बडवून, गर धुऊन, पांढरा वाख निघे आणि त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं वळली जात. मातंग समाजातली माणसं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली. घायपाताचा चीक अंगाला लागला तर दिवसभर खाज जात नाही, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. आता ही बांधावरची चार झाडं डोळ्यांपुढून काढून टाका आणि क्षितिजापर्यंत सरळ ओळींत लावलेली हजारो झाडं आणा. हेनेकेनच्या पानाला टोकाला सुईसारखा काटा असतोच, शिवाय दोन्ही कडांना आकड्यांसारखे वाकडे काटे असतात. युकातानची जमीन चुनखडीची, वर मातीचा पातळ थर, नदी नाही, ओढा नाही. पाणी विहिरीचं, नाही तर खडक खचून झालेल्या खोल डोहांतलं. अशा जमिनीत दुसरं फारसं काही पिकत नाही, म्हणून हेनेकेन.

कापणीची एक ठरलेली रीत होती. झाड सहा-सात वर्षांचं झाल्यावर पहिली कापणी, ती फक्त खालच्या पानांची. वरची कोवळी पानं राखायची, म्हणजे झाड पुढे पंधराएक वर्षं देत राहतं. मजुराने वाकून, काट्यांच्या आत हात घालून, पान बुडाशी छाटायचं. मग टोकाचा काटा उडवायचा, दोन्ही कडांचे काटे तासायचे, पन्नास पानांची मोळी बांधायची आणि खेचराने ओढायच्या छोट्या रुळगाडीपर्यंत वाहून न्यायची. तिथून पानं यंत्रावर जात. यंत्र गर चिरडून काढी, हिरवा ओला वाख तारांवर उन्हात वाळत पडे, मग त्याच्या गासड्या होत. पानाच्या वजनात वाख भरतो शेकडा चार-पाच, बाकी सगळा चोथा. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने १९०८ मध्ये पैसे गुंतवायला आलेल्या धनिकाचं सोंग घेऊन हे मळे पाहिले. माणशी दिवसाला दोन हजार पानांचा दंडक होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. दोन हजार वेळा काट्यांत हात. कोरियन मजुरांनी हातापायांना चिंध्या गुंडाळल्या, तरी जखमा व्हायच्या त्या होतच. उजाडण्याआधी कामाला लागायचं, कारण दहानंतर ऊन पाठीवर उभं राहू देत नसे.

धान्य घ्यायचं ते मालकाच्याच दुकानातून, उधारीवर. उधारी वाढली की माणूस बांधला जाई. माया शेतमजूर याच उधारीत पिढ्यान्‌पिढ्या अडकले होते. उत्तरेकडचे याकी लोक तर सरकारने हद्दपार करून इथे आणून टाकले होते. कोरियन या उतरंडीत सर्वांत नवे. त्यांना ना स्पॅनिश येई ना माया. त्यांच्या मुलांनी आधी माया भाषा उचलली, कारण खेळायला सोबती तीच मुलं होती. बोटीत बायका थोड्या, त्यामुळे अनेकांनी पुढे माया घरांत लग्नं केली. आज मेरिदाच्या रस्त्यावर एखाद्या कोरियन आडनावाच्या माणसाचा चेहरा माया असतो, तो असा.

हा वाख जायचा कुठे? अमेरिकेतल्या गव्हाच्या शेतांवर. कापणीयंत्र गव्हाच्या पेंढ्या आपोआप बांधू लागलं आणि त्या बांधायला स्वस्त सुतळी हवी होती. १९०२ मध्ये कापणीयंत्रांच्या मोठ्या कंपन्या एक होऊन 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' झाली. त्याच वर्षी तिने युकातानचा सर्वांत बडा व्यापारी ओलेगारिओ मोलिना याच्या पेढीशी गुप्त करार करून वाखाचे भाव खाली आणले. मोलिना तेव्हा युकातानचा गव्हर्नरही होता. ज्या वर्षी कोरियन आले, त्या सुमारास मेरिदाचा पासेओ दे मोंतेहो हा पॅरिसच्या धर्तीचा रस्ता पुरा होत होता. त्यावरचे संगमरवरी वाडे आजही उभे आहेत आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात. फेब्रुवारी १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास मेरिदाला आले, तेव्हा त्यांच्यासाठी शहर आणि मळे सजवले गेले. काट्यांनी फाटलेले हात त्यांच्यासमोर येण्याचं काही कारण नव्हतं.

कोरियात ही बातमी पोचली ती १९०५ च्या उन्हाळ्यात. मेरिदात राहणाऱ्या एका चिनी व्यापाऱ्याचं पत्र आणि इतर मजकूर वर्तमानपत्रांत छापून आला: तुमची माणसं इथे गुरांसारखी राबवली जात आहेत. लोक खवळले. सम्राट गोजोंग याने त्यांना परत आणण्याची व्यवस्था करा, असा हुकूम दिला. परराष्ट्र खात्यातले उपमंत्री युन ची-हो पाहणीसाठी निघाले आणि हवाईपर्यंत पोचले. मेक्सिकोला जायला पैसे मिळाले नाहीत. जपानलाही ही भेट नको होती. युन परत फिरले. नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानने सक्तीने केलेल्या तहाने कोरियाचा परराष्ट्रव्यवहारच काढून घेतला. त्यानंतर युकातानमधल्या कोरियन माणसाची तक्रार नोंदवायला जगात कोरियाचं कार्यालय उरलं नाही. या साऱ्या हकिगतीत मला सर्वांत जास्त हेलावून टाकणारा भाग हाच आहे. ही माणसं घरातून निघाली तेव्हा त्यांच्यामागे एक देश होता. चार वर्षांचा करार संपून १९०९ मध्ये ती मोकळी झाली आणि १९१० च्या ऑगस्टमध्ये तो देश नकाशावरून गेला. हवाईतल्या कोरियनांनी वर्गणी काढून त्यांना आपल्याकडे आणायचं ठरवलं, पण अमेरिकेने दार उघडलं नाही. मग बहुतेकांनी पुन्हा हेनेकेनच्याच मळ्यावर मजुरी धरली, फक्त आता मर्जीने.

मोकळी होताच या माणसांनी पहिलं काम केलं ते संघटना उभारायचं. १९०९ मध्येच मेरिदात कोरियन राष्ट्रीय संघटनेची शाखा निघाली. जे माजी सैनिक होते त्यांनी १९१० मध्ये लष्करी शिक्षणाची शाळा काढली, कधीतरी जपानशी लढायला लागेल म्हणून. दिवसभर पानं कापायची आणि संध्याकाळी कवायत करायची. १९१७-१८ मध्ये स्वातंत्र्यचळवळीचे नेते आन चांग-हो अमेरिकेतून इथे येऊन कित्येक महिने राहिले आणि मजुरांमध्ये हिंडले.

पुढचा टप्पा क्यूबाचा. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचे भाव आकाशाला भिडले होते. क्यूबात ऊसतोडीला भरपूर मजुरी मिळते ही वार्ता मेरिदात आली आणि मार्च १९२१ मध्ये सुमारे ३०० कोरियन मानाती बंदरात उतरले. तोवर साखरेचा बाजार कोसळला होता. १९२० च्या शेवटी भाव गडगडले, बँका बुडाल्या, कारखान्यांनी माणसं घ्यायचं थांबवलं. मुलाबाळांना घेऊन हे लोक पश्चिमेकडे मातान्सासला गेले. आणि तिथे त्यांना काम मिळालं ते पुन्हा हेनेकेनचं. मातान्सासजवळ एल बोलो नावाच्या मळ्यावर त्यांनी वस्ती केली, शाळा काढली, मुलांना आपली लिपी शिकवली.

एल बोलोच्या वस्तीतला सर्वांत ठळक माणूस इम चॉन-थेक. जन्म १९०३ चा. दोन वर्षांचा असताना आईबरोबर 'इल्फर्ड'वर बसला, म्हणजे कोरियाची आठवण त्याच्यापाशी असणं शक्यच नव्हतं. तरी आयुष्यभर त्याने वस्तीतल्या मुलांना कोरियन शिकवलं आणि शांघायमधल्या, नंतर चोंगछिंगमधल्या निर्वासित कोरियन सरकारसाठी पैसा उभा केला. तो कसा? घराघरांतली बाई रोजचा भात टाकताना माणशी एकेक चमचा तांदूळ काढून ठेवी. महिन्याकाठी तो तांदूळ एकत्र करून विकायचा आणि ती रक्कम पाठवायची. विनोबांच्या सर्वोदयपात्राची आठवण यावी अशी ही रीत, पण इथे देणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात धान्याचा तुटवडा होता. १९३३ च्या कायद्याने निम्म्या नोकऱ्या क्यूबात जन्मलेल्यांसाठी राखल्या गेल्या आणि परक्यांची मजुरीही आक्रसली. तरी तांदूळ निघत राहिला. स्वातंत्र्यलढ्याचे नेते किम गू यांनी आपल्या आत्मचरित्रात क्यूबातून आलेल्या या मदतीची नोंद केली आहे.

१९५४ मध्ये इम चॉन-थेक यांनी क्यूबातल्या कोरियनांचा इतिहास लिहून काढला. बोट, मळे, शाळा, वर्गण्या, कोण कुठे होतं, कुणी किती दिले, सगळं. माझ्या लेखी या लोकांचं पहिलं स्मारक ते पुस्तक. ते मळ्यात राबलेल्या हाताने लिहिलंय आणि त्यात झाकून ठेवण्यासारखं कुणाचं काही नव्हतं. १९८५ मध्ये ते गेले. २००४ मध्ये त्यांच्या अस्थी दक्षिण कोरियात देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत नेल्या गेल्या. दोन वर्षांचा असताना निघालेला माणूस असा शंभराव्या वर्षाच्या सुमारास परतला.

त्यांचा मुलगा जेरोनिमो लिम हवाना विद्यापीठात कायदा शिकला, फिडेल कास्त्रोंच्याच काळात. क्रांतीत उतरला, नव्या सरकारात अधिकारी झाला. १९९५ मध्ये कोरियाच्या मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी त्याला सोलला बोलावणं आलं. त्या भेटीनंतर, म्हातारपणी, त्याने क्यूबाभर हिंडून कोरियन वंशाची घरं शोधली, नावं लिहिली, भाषेचे वर्ग सुरू करायची धडपड केली. मानाती आणि मातान्सास इथे आज जी स्मारकं आहेत, ती या खटपटीच्या काळातली. २००६ मध्ये जेरोनिमो वारला. त्याच्यावर २०१९ मध्ये माहितीपट निघाला. दक्षिण कोरिया आणि क्यूबा यांचे राजनैतिक संबंध जुळायला मात्र १४ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मजूर पोचले आणि दूतावासाचा मार्ग मोकळा झाला, यांत १०३ वर्षांचं अंतर.

आपल्याला ही कथा परकी नाही. रत्नागिरी आणि कोकणपट्टीतून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसच्या उसात गेलेले मराठी मजूर याच प्रकारच्या करारावर, गिरमिटावर, गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या सोळा पायऱ्या त्यांनीही चढल्या. तो घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला तिथे फुलं वाहतात. तिथल्या स्मारकाचं मोठेपण हे की ती प्रत्यक्ष जागाच आहे: माणसं उतरवून, मोजून, नोंदवून पुढे पाठवण्याची जागा. तिथे यंत्रणेचीच इमारत जपली आहे, त्यामुळे करार विसरायची सोय नाही.

करार, सक्ती, दलाल हे शब्द उच्चारले तर स्मारकाचं काय होतं, याचं उदाहरण जपानमध्ये घडलं. गुन्मा प्रांतात ताकासाकी शहरात 'गुन्मा नो मोरी' हे प्रांतिक उद्यान आहे. जुन्या काळी तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना होता. युद्धकाळात या प्रांतातल्या खाणी-कारखान्यांवर आणून राबवलेल्या आणि तिथेच मेलेल्या कोरियन मजुरांसाठी स्थानिक जपानी नागरिकांनी वर्गणी काढली, प्रांतिक विधिमंडळाने एकमताने जागा दिली आणि २००४ मध्ये स्मारक उभं राहिलं. स्मरण, आत्मपरीक्षण आणि मैत्री, असं त्याचं नाव. जागा देताना एक अट होती: इथे राजकीय कार्यक्रम करायचा नाही. २०१२ च्या स्मरणसभेत एका वक्त्याने मजुरांना 'सक्तीने आणलं' असं म्हटलं. राष्ट्रवादी गटांनी ओरड सुरू केली आणि २०१४ मध्ये प्रांताने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. माएबाशीच्या जिल्हा न्यायालयाने २०१८ मध्ये हा नकार बेकायदा ठरवला, तोक्यो उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो निकाल फिरवला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. नागरिकांनी स्मारक स्वतः काढायला नकार दिला. २९ जानेवारी २०२४ ला उद्यान बंद करून प्रांताने ते पाडायला घेतलं आणि खर्चाचं बिल नागरिकांच्या संघटनेवर लावलं.

स्मारकाच्या नावात मैत्री होती. ती चालत होती. सक्ती म्हणताच जागा गेली. मजूर कसे आले हा राजकारणाचा मुद्दा ठरला आणि ते मेले हा शोकाचा. माझ्या मते गुन्माच्या अधिकाऱ्यांनी केलेला अन्याय इथेच आहे: एका वक्त्याच्या तोंडून इतिहास आला म्हणून त्यांनी शोक करायची जागाच काढून घेतली. आणि म्हणूनच मेरिदाबद्दल माझा आग्रह आहे. तिथे आज कुणी स्मारक पाडायला टपलेलं नाही. दोन्ही सरकारं प्रसन्न आहेत. मेयर्सचं नाव, मोलिनाच्या पेढीचं नाव, दुकानातली उधारी आणि दोन हजार पानं दगडावर कोरायला यासारखी वेळ पुन्हा मिळायची नाही.

या सगळ्याला आजची बाजूही आहे. कोरिया आता माणसं पाठवत नाही, मागवतो. नेपाळ, कंबोडिया, व्हिएतनाम इथून आलेली मुलं तिथल्या शेतांवर आणि छोट्या कारखान्यांत खपतात. २४ जून २०२४ रोजी सोलच्या दक्षिणेला ह्वासॉन्ग शहरात आरिसेल कंपनीच्या लिथियम बॅटरीच्या कारखान्यात आग लागून २३ कामगार मेले. त्यांतले १८ परदेशी, त्यात १७ चिनी नागरिक, आणि या चिनी नागरिकांतले बहुतेक कोरियन वंशाचे. त्यांचे आजे-पणजे भूक आणि जपानी अंमल यांना कंटाळून मांचुरियात गेले होते. नातवंडं मजुरीसाठी परत आली. अनेक जण मजूर पुरवणाऱ्या कंपनीमार्फत कामावर आलेले, त्यामुळे बाहेर पडायची वाटही सगळ्यांना नीट माहीत नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये सुवॉन जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या प्रमुखाला १५ वर्षांची शिक्षा दिली.

आगीनंतर ह्वासॉन्गच्या नगरपालिकेत श्रद्धांजलीसाठी जागा मांडली होती. तिथे आधी मृतांचे फोटोही नव्हते आणि नावंही. काही दिवसांनी नातेवाइकांनीच ते फोटो आणि नावांच्या पाट्या आणून तिथे लावल्या, आणि या माणसांना कामावर नक्की कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न ते विचारत राहिले.